मामांची बेल : मेंदूच्या लहरींवर रात्रीची हाक (कामाच्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४)

मामा एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. तीन वर्षांपूर्वी एएलएसचं, म्हणजे स्नायूंवरचा मेंदूचा ताबा हळूहळू जाण्याच्या आजाराचं, निदान झालं. हात, पाय, मान, बोलणं हळूहळू सगळं थांबलं. डोळे आणि डोकं मात्र पूर्ण शाबूत. दिवसा आम्ही बाराखडीची पारदर्शक पाटी समोर धरतो आणि त्यांच्या नजरेवरून अक्षरं ओळखतो. त्या पाटीइतकं जलद कुठलंच यंत्र मला आढळलेलं नाही, ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आधी पाटीच करावी.

अडचण रात्रीची आहे. पाटी वाचायला समोर जागं माणूस लागतं, आणि बोलवायचं असतं ते त्याच माणसाला. डोळा टिपणारा कॅमेरा एका ओळखीच्यांकडून आणून पाहिला. दिवसा उत्तम चालला. रात्री अंधार, बायपॅपचा (श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा) मास्क, त्यात कूस बदलली की डोळाच कॅमेऱ्याबाहेर. म्हणून मेंदूच्या विजेच्या लहरी टिपायला डोक्यावर चिकटवायच्या इलेक्ट्रोडचा, म्हणजे ईईजीचा मार्ग धरला. काम एकच: मामांना हवं तेव्हा मामींच्या खोलीत बेल वाजली पाहिजे.

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, डॉक्टर नाही. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत हे उभं करायचं होतं.

८ जून
न्यूरॉलॉजिस्टना भेटलो. मामांनी लुकलुकत्या दिव्याकडे बघायचं आणि ते त्यांच्या लहरींत ओळखायचं, हा बेत सांगितल्यावर त्यांनी आधी फिट्सचं विचारलं. मामांना कधी आली नाही, घराण्यातही नाही. तरी १५ ते २५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १५ ते २५ लुकलुकींचा, पट्टा टाळायचा, कारण प्रकाशाने फिट येणाऱ्यांना तोच जास्त बाधतो. माझा स्वतःचा नियम: डोक्याला चिकटलेली कुठलीही तार भिंतीतल्या विजेपर्यंत पोचता कामा नये. बोर्ड सेलवर, आणि पुढचं सगळं बिनतारी.

खरेदी: एडीएस१२९९ चिपचा आठ चॅनेलचा, म्हणजे एकावेळी आठ इलेक्ट्रोडच्या लहरी मोजणारा बोर्ड, ड्यूटीसकट ३४,००० रुपये. सोन्याचा मुलामा दिलेले कप इलेक्ट्रोड, दहा नग, ४,६००. इलेक्ट्रोड चिकटवायची टेन-ट्वेंटी पेस्ट आणि त्वचा घासायचं जेल मिळून ३,१००. एलईडी, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), रिले, डबी वगैरे बुधवार पेठेतून १,८५०.

१५ जून
पहिला दिवस वाया. आठही चॅनेलवर एकसारखाच कचरा. मी सॉफ्टवेअरला दोष देत दोन रात्री घालवल्या, बोर्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर तीनदा टाकलं. कारण निघालं भलतंच. कानाच्या पाळीवरचा रेफरन्स इलेक्ट्रोड सुटला होता. सगळे चॅनेल त्याच्याशी तुलना करूनच मोजले जातात, त्यामुळे तो सुटला की सगळेच बिघडतात. सगळीकडे सारखाच कचरा दिसला तर संगणकाला हात लावू नका, आधी कान बघा.

नीट लावल्यावर मामांना डोळे मिटायला सांगितले. डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ१, ओझेड, ओ२ या जागांवर, दोन सेकंदांत ९.५ हर्ट्झची लहर उभी राहिली. डोळे उघडले की मावळली. हीच अल्फा लहर. पडद्यावर मायक्रोव्होल्टची ती कंगव्यासारखी रेघ बघून मामी म्हणाल्या, "हे त्यांचं आहे?" त्यानंतर बराच वेळ त्या लॅपटॉपपासून हलल्या नाहीत.

२१ जून
सकाळी लावलं की सिग्नल स्वच्छ, संध्याकाळी लावलं की घाण. इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा, सकाळी ८ किलोओहम, रात्री ७० च्या वर. चार दिवस भिंतीतलं वायरिंग, इन्व्हर्टर, ट्यूबलाइट सगळं बंद करून पाहिलं. मामी रोज संध्याकाळी मामांच्या डोक्याला खोबरेल लावतात, हे मला रोज दिसत होतं. लक्षात मात्र पाचव्या दिवशी आलं. तेल बंद करायचं नाही असं आधीच ठरवलं, दिवसभरातला तेवढाच एक स्पर्श मामांना मनापासून आवडतो. तेल सकाळी, दुपारी शिकेकाईने धुणं, रात्री इलेक्ट्रोड.

२ जुलै
दिवा नको, नुसत्या विचारावर चालेल असं काही जमतं का ते पाहत आहे. हात हलवायची नुसती कल्पना केली तरी मेंदूच्या विरुद्ध बाजूवरची ८ ते १२ हर्ट्झची म्यू लहर दबते. उजव्या हातासाठी सी३ ही डोक्याच्या डाव्या बाजूची जागा, डाव्यासाठी उजवीकडची सी४. याच लहरीवर पडद्यावरचा कर्सर हलवण्याचं काम वोल्पॉ यांच्या गटाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं होतं.

मामांना सांगितलं, "मामा, उजव्या हातात चेंडू आहे असं समजा आणि दाबा." ४० प्रयत्न, यंत्राने २१ बरोबर ओळखले. म्हणजे छापा-काटा. दुसऱ्या दिवशी २५ बरोबर आले आणि मी खूश झालो. हिशेब केल्यावर कळलं की ४० पैकी २५ निव्वळ तुक्क्यानेही दर तेरा वेळांत एकदा येतात. २६ च्या खाली आलेल्या आकड्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

१७ जुलै, आषाढी एकादशी
सुटी होती, पाटी घेऊन बसलो. मामांनी अक्षरं दिली: चें-डू-ना-ही. मग थांबून: गि-य-र.

मी इतके दिवस त्यांना चेंडू दाबायला लावत होतो. त्यांनी आयुष्यात दाबला असेल तो गियरचा दांडा, डाव्या हाताने, एकतीस वर्षं. "मामा, कुंभार्ली घाट चढतोय, दुसरा टाका," असं म्हटलं आणि सी४ वरची लहर स्पष्ट खाली बसली. ४० पैकी ३१. उजव्या हातासाठी मात्र स्टिअरिंग, हॉर्न, दरवाजा, काहीच चालेना.

हात हलताना डोळ्यांसमोर आणायचा नसतो, हलल्याचं हातात जाणवावं लागतं. पुस्तकात हे वाक्य मी वाचलं होतं, पण माणसाच्या हाताला ओळखीचं काम शोधायला मला पंधरा दिवस लागले.

२६ जुलै
गियरची कल्पना रात्रीच्या बेलसाठी सोडून दिली. ३१ हा आकडा सकाळचा, ताजं असतानाचा. रात्री दहानंतर तेच २४. शिवाय दर खेपेला एकाग्र व्हायला त्यांना त्रास पडतो, आणि रात्री बेल लागते तीच मुळी त्रास होत असताना. पायात गोळा आलेला माणूस शांतपणे घाट कसा चढवणार? तीन आठवडे गेले. मामांना मात्र तो खेळ आवडलाय, दुपारी कधीतरी स्वतःच मागतात.

अक्षरांची चमकती जाळी, म्हणजे १९८८ मध्ये फारवेल आणि डॉन्चिन यांनी दाखवलेली, हवं ते अक्षर चमकलं की मेंदूत उठणारी लहर पकडायची पी३०० ची पद्धत, विचारात घेतली नाही. ती लिहिण्यासाठी आहे. लिहायला आमच्याकडे पाटी आहे.

४ ऑगस्ट
लुकलुकत्या दिव्यावर आलो. ठराविक वेगाने लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघितलं की डोक्याच्या मागच्या भागात त्याच वेगाची लहर उमटते. कुठल्या दिव्याकडे बघतोय ते त्यावरून ओळखायचं. याला एसएसव्हीईपी म्हणतात. शिकवणी जवळजवळ लागत नाही, पहिल्याच संध्याकाळी जमलं.

सुरुवात लॅपटॉपच्या पडद्यावर केली. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणून त्याला पूर्ण भाग जाणारे वेग: ७.५, ८.५७, १० आणि १२. ओळखायला सीसीए, म्हणजे लहर कुठल्या वेगाशी सर्वांत जास्त जुळते ते शोधणारं गणित; त्यात मूळ वेग आणि त्याची दुप्पट, आणि चार सेकंदांची खिडकी, म्हणजे एकावेळी तेवढाच तुकडा तपासायचा.

दोन दिवसांनी बिघडलं. पडदा मधूनच फ्रेम गाळत होता. तपासायला उजेड मोजणारा एलडीआर लावला, तो इतका मंद की त्याला काहीच कळेना. त्याहून जलद फोटोट्रान्झिस्टर लावल्यावर लगेच दिसलं. तसाही रात्रभर उजळलेला पडदा खोलीत नको होता, एलईडीवर गेलो.

१० ऑगस्ट
एलईडीची चूक पूर्ण माझी. आर्डुइनोत थांबण्याची साधी आज्ञा वापरून लुकलुक केली, आणि मधे तपासणीसाठी लॅपटॉपकडे आकडे पाठवणं ठेवलं, त्यात वेळ जात होता. १२ चे ११.८ झाले. चार सेकंदांच्या खिडकीत पाव हर्ट्झ फरक पडला की लहर जवळजवळ पूर्ण निसटते. मामा टक लावून बघतायत, डोळ्यांत पाणी आलंय, आणि यंत्र म्हणतंय काही नाही. टायमर इंटरप्टवर, म्हणजे चिपमधल्या घड्याळाच्या ठोक्यावर घेतल्यावर १२.०० स्थिर. दिव्यावर श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण बसवलं, उजेड मऊ झाला.

१४ ऑगस्ट
या कामातली सगळ्यात मोठी शिकवण आज मिळाली. बेल न जोडता रात्रभर नुसती नोंद ठेवली. सकाळी पाहिलं तर ३१ वेळा बेल वाजली असती. मामा एकदाही मुद्दाम बघत नव्हते.

तोवर मी "९० टक्के अचूक" म्हणून समाधानात होतो. ते ९० टक्के मी "आता या दिव्याकडे बघा" असं सांगून मोजलेले. लेखांमधून मिनिटाला किती बिट माहिती पोचते असा हिशेब असतो. चार पर्याय, ८० टक्के अचूक, चार सेकंदाला एक निवड धरली तर तो साधारण १४ येतो. पण माणूस रात्रभरात बहुतेक वेळ कुठलाच पर्याय निवडत नसतो, आणि त्या वेळेचं त्या आकड्यात काहीच येत नाही. माझं यंत्र दर अर्ध्या सेकंदाला निर्णय घेतं. आठ तासांचे ५७,६०० निर्णय. ९९.९ टक्के बरोबर धरले तरी ५७ चुका. त्यातल्या सलग चुकांची एकच बेल झाली तरी मामींची झोप संपली. आठवडाभर अशी बेल वाजली तर त्या ती उशाखाली दाबून ठेवतील, आणि खरी हाक त्यातच जाईल.

आजपासून दोनच आकडे मोजायचे: एका रात्रीत खोट्या बेल किती, आणि खरी हाक पोचायला सेकंद किती.

३१ पैकी १९ खोट्या हाका १० हर्ट्झच्या दिव्याच्या नावावर. डोळे जड झाले की मामांची ९.५ ची अल्फा चढते आणि सीसीए तिलाच १० चा दिवा समजतं. १० आणि ८.५७ काढून टाकले. ७.५ चा दिवा डोळ्यात टोचतो असं मामांनी पाटीवर सांगितलं. उरला १२, त्याच्या जोडीला १३ चा घेतला.

२२ ऑगस्ट
इलेक्ट्रोड लागतात डोक्याच्या मागे आणि मामा झोपतात उताणे. उशीवर दाबले जाऊन सकाळी तीन लालभडक वण. बायपॅपचा पट्टाही नेमका तिथूनच जातो, आणि दर श्वासाला डोकं केसभर हलतं. ५ हर्ट्झच्या खालचं गाळलं की श्वासाची संथ लाट जाते, पण इलेक्ट्रोड निसटतानाचा झटका गाळणीला दाद देत नाही. जाळीची टोपी आणली, २,९०० रुपये, मास्कच्या पट्ट्याखाली बसेना. पैसे गेले.

तोड मामींनी काढली. जुन्या सुती नऊवारीची पट्टी पिळून त्यांनी चुंबळ केली, हंड्याखाली घेतात तशी, पण टाचून पक्की. डोकं चुंबळीच्या कडेवर टेकतं आणि मागचा भाग मधल्या पोकळीत मोकळा राहतो. तारा खालून बाहेर. पट्टा दोन बोटं वर घेतला, मास्कमधून हवा गळत नाही ना ते श्वसनाच्या डॉक्टरांना दाखवून घेतलं. दुसऱ्या दिवशी वण नाहीत. रात्री दोनला मामी त्यांना कुशीवर वळवतात तेव्हा दिव्याची डबीही वळावी म्हणून ती टेबललॅम्पच्या लवचिक दांड्यावर बसवली.

हवेच्या गादीचा पंप पलंगाच्या पायथ्याला अडकवलेला असतो, त्याची ५० हर्ट्झची गुणगुण येत होती. जमिनीवर रबराच्या तुकड्यावर ठेवला, बाकीचं फक्त ५० हर्ट्झ गाळणाऱ्या नॉच फिल्टरने घेतलं.

३१ ऑगस्ट
नियंत्रणाची पद्धत आता अशी:

आधी १२ चा दिवा सलग पाच निर्णयांत जिंकला पाहिजे, आणि दुसऱ्यापेक्षा ठराविक फरकाने. मग डबीवरचा लहान पिवळा दिवा लागतो, म्हणजे मामांना कळतं की यंत्राने ऐकलंय. त्यानंतर बारा सेकंदांत १३ च्या दिव्याकडे बघितलं तरच बेल. नाही बघितलं तर पिवळा विझतो, कोणाला काही कळत नाही.

चुकून एकाकडे नजर लागते. चुकून आधी एकाकडे आणि लगेच दुसऱ्याकडे, त्याच क्रमाने, सहसा लागत नाही. पाच रात्रींच्या खोट्या बेल: २, १, ०, २, १. खरी हाक १५ ते २० सेकंद. मामांना वीस वेळा मुद्दाम बेल द्यायला सांगितलं, सतरा पहिल्या प्रयत्नात.

पिवळा दिवा नव्हता तोवर हेच वीसात अकरा होतं. यंत्राला पोचलं की नाही हे कळत नसेल तर माणूस उगाच डोळे ताणतो, मग डोळे थकतात आणि लहर आणखी क्षीण होते. पुन्हा काही करायचं झालं तर मी पोचपावतीचा दिवा पहिल्या दिवशी लावीन.

७ ते १७ सप्टेंबर
गणपती. घरात पाहुणे, काम बंद. भाच्या-पुतण्यांना अल्फाची रेघ दाखवली.

२१ सप्टेंबर
ही नोंद लिहायला जड जातंय.

काल रात्री सव्वादोन ते साडेचार मामा हाक मारत होते आणि बेल वाजली नाही. पंख्याच्या वाऱ्याने पेस्ट वाळली, ओझेडचा इम्पिडन्स चढला, यंत्र गप्प बसलं. गप्प बसणं आणि सगळं ठीक असणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मामींनी पहिल्यांदाच विश्वासाने झोप घेतली होती, रात्रीचं दोनदा उठणं सोडून. पाय वाकडा अडकला होता. सकाळी पाटीवर मामांनी एवढंच दिलं: अ-सू-दे.

इतके दिवस मी खोट्या बेलच्या मागे होतो आणि मुक्या बेलचा विचारच केला नव्हता. कारखान्यात एखादा सेन्सर तुटला तर अलार्म आलाच पाहिजे, हे मी स्वतः लोकांना शिकवतो.

दुरुस्ती: (१) चिपमध्ये इलेक्ट्रोड सुटल्याची तपासणी असते, ती चालू केली. कुठलाही इलेक्ट्रोड सुटला, सेल उतरले किंवा वीस सेकंद डेटा आला नाही, तर मामींकडे वेगळा, लांब आवाज. (२) पेस्टवर गॉजचा तुकडा, वर मायक्रोपोर. आता सकाळी सहापर्यंत १५ किलोओहमच्या आत राहतं. (३) हॉलमधल्या लॅपटॉपचा रिसीव्हर यूएसबीच्या लांब वायरने दाराच्या चौकटीवर आणला, भिंतीतून येताना डेटाची पाकिटं गळत होती. (४) मामींचं दोनदा उठणं पुन्हा सुरू, आणि यंत्र कितीही चांगलं चाललं तरी ते बंद करायचं नाही.

वाकून तुटलेल्या तारांमुळे इलेक्ट्रोडचा दुसरा संच घ्यावा लागला, ४,६००.

५ ऑक्टोबर
उरलेल्या खोट्या बेल कधी येतात ते तपासलं. जवळजवळ सगळ्या झोप लागताना, मिटत्या डोळ्यांच्या वेळी. म्हणजे पुन्हा अल्फाच. पण डोळे मिटलेला माणूस दिव्याकडे बघत नसतो. मग अल्फालाच कुलूप केलं: ती ठराविक पातळीच्या वर असेल तोवर यंत्राने कुठलाच निर्णय घ्यायचा नाही. डोळे उघडून दोन सेकंद झाले की कुलूप निघतं. पातळी रोज रात्री लावताना अर्धा मिनिट डोळे मिटवून ठरवतो, कालची आज चालत नाही.

सात रात्री: ०, ०, १, ०, ०, ०, ०.

१३ ऑक्टोबर
बेलचा आवाज बदलला. आधीचा दाराच्या बेलसारखा होता, मामी दचकून दाराकडे धावायच्या. मामांना पाटीवर विचारलं, कुठला आवाज ठेवू. उत्तर: कं-ड-क्ट-र.

भंगारवाल्याकडून एसटीतली दोरीची जुनी घंटा आणली, २०० रुपये, टोल्याला सोलेनॉइड, म्हणजे विजेने दांडा ढकलणारं चुंबक, बसवला. एसटीत एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मामांनी तेच ठेवायला सांगितलं. १२ मग १३ बघितलं की एक टोला: उठून ये, घाई नाही. त्यानंतर परत १२ बघितलं की दोन टोले: लगेच.

२० ऑक्टोबर
खर्च ५१,२५०. वेळ मोजलेला नाही, साधारण साडेचार महिन्यांच्या संध्याकाळी आणि सगळ्या सुट्या. रोज लावायला पंचवीस मिनिटं, आता मामी एकट्या लावतात, ओझेडची जागा त्या बोटांनी मोजून काढतात. कुशीवर असताना हाक अजून उशिरा पोचते, तीस सेकंदांपर्यंत. पाचव्या-सहाव्या रात्री त्वचा लाल होते, म्हणून आठवड्यातून दोन रात्री सुटी आणि त्या रात्री मी तिथेच झोपतो.

काल पहाटे तीन दहाला एक टोला. मामी उठून गेल्या, पांघरूण सरकलं होतं, ते नीट केलं. परत येऊन आडव्या होतायत तोच दोन टोले. धावत गेल्या. मामांना काही नको होतं. पाटी धरली तर अक्षरं आली: च-ला.